हेल्मेटचं ठरवण्याआधी बाळाचा डावा हात तपासून घ्या

ताई, तुमचं बाळ सात महिन्यांचं. ३४ आठवड्यांना जन्मलं, दोन आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं. डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालंय आणि मान सारखी उजवीकडेच वळलेली असते. अजून बसत नाही, कूस बदलत नाही. एका सेंटरमध्ये डोक्याचं स्कॅन करून 'डोक्याला आकार देणारं हेल्मेट लगेच बसवा, नाहीतर वेळ निघून जाईल' असं सांगितलं. तुमचे नेहमीचे डॉक्टर 'थांबा, भरून येईल' म्हणतात. सासूबाई म्हणतात, जावळ काढलं आणि दाट केस आले की कुणाला दिसायचंही नाही. कुणाचं ऐकू आणि हे माझ्या हातून झालं का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

पण शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: खेळणं घ्यायला तो उजवाच हात पुढे करतो, डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते, बहुधा उजव्या हाताचा होणार. मी लहान बाळांची फिजिओथेरपी करते आणि माझी सुरुवात मी याच वाक्यापासून करणार आहे. वर्षाच्या आत बाळ उजवं किंवा डावं नसतं. त्या वयात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत. एकच हात पुढे येत असेल, तर प्रश्न दुसऱ्या हाताचा असतो.

आधी वयाचा हिशेब नीट करू. ३४ आठवड्यांना जन्म म्हणजे सहा आठवडे लवकर. विकासाच्या बाबतीत दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत हे आठवडे वजा करून बघायचं असतं. म्हणजे तुमचं बाळ सात नाही, साडेपाच महिन्यांचं धरायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये निरोगी मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात दिल्लीतली मुलंही होती. आधाराशिवाय बसण्याचा काळ तिथे जवळजवळ चार महिन्यांपासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. तेव्हा 'अजून बसत नाही' ही चिंता आज सोडून द्या. शेजारच्या बाळाशी तुलना तर नकोच, ते दिवस भरून जन्मलंय. कूस बदलणंही अजून थोडं पुढेमागे होऊ शकतं. डाव्या हाताला मात्र ही सूट मी देणार नाही. साडेपाच महिन्यांच्या हिशेबानंही मूठ बऱ्यापैकी उघडलेली असायला हवी आणि दोन्ही हात छातीपुढे एकत्र यायला हवेत.

याची मुख्य कारणं दोन असू शकतात आणि त्यांच्यात फार अंतर आहे. पहिलं साधं आहे. मान सतत उजवीकडे, त्यामुळे बाळाला दिसतो तो उजवा हात. जो हात दिसतो त्याच्याशी बाळ खेळतं, डाव्याची त्याला ओळखच होत नाही. दुसरं कारण म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या मेंदूच्या एका बाजूला इजा झालेली असणं. तशी इजा बहुतेकदा सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसते, आणि तिच्यामुळे हालचालीत जी कायमची अडचण येते तिला आपण एका बाजूचा सेरेब्रल पाल्सी म्हणतो. बाळाला हातात घेतल्याशिवाय मी यातलं कुठलंही कारण तुमच्यावर लादणार नाही. पण घरी एक गोष्ट करून पाहा. बाळाला मांडीवर टेकवून बसवा, डोकं दोन्ही बाजूंनी हलकेच मधोमध धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी डाव्या बाजूनं खुळखुळा वाजवायला सांगा. डावा हात उघडून पुढे आला, तर पारडं पहिल्या कारणाकडे झुकतं. डोकं मध्ये असूनही मूठ घट्ट आणि अंगठा आत, कोपर वाकलेलं, किंवा दुपटं बदलताना डावा पाय उजव्यापेक्षा ताठ लागला, तर या आठवड्यातच बालमेंदूरोगतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (बाळाचा विकास तपासणारे बालरोगतज्ज्ञ) गाठा. हात पुढे आला तरी ही तपासणी टाळू नका, फक्त मग रात्रीची झोप घालवू नका.

तिथे 'हॅमरस्मिथ तपासणी करून द्या' असं स्पष्ट सांगा. दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या मेंदू-मज्जासंस्थेची ती तपासणी आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते, यंत्र लागत नाही. उजव्या-डाव्यातला फरक त्यात नीट नोंदवला जातो. एनआयसीयूत डोक्याची सोनोग्राफी झाली असेल तर तो कागद शोधून सोबत न्या. पूर्वी 'दीड-दोन वर्षांचा होऊ दे, मग सांगू' अशी पद्धत होती. २०१७ पासून जगभरच्या तज्ज्ञांचं मत स्पष्ट आहे: धोक्यातल्या बाळाचं निदान सहा महिन्यांच्या आतही करता येतं, आणि निदान पक्कं नसलं तरी थेरपी सुरू करायची. मेंदूची घडण याच महिन्यांत सर्वांत वेगानं चाललेली असते. हाताला आज मिळालेला एक महिना आणि दोन वर्षांनी मिळालेला एक महिना सारखे नसतात.

आता डोक्याकडे येते. चपटं डोकं मेंदूला दाबतं आणि म्हणून बाळ मागे पडतं, ही भीती मी जवळजवळ प्रत्येक आईकडून ऐकते. तसं नाही. कवटी एका बाजूला चपटी झाली की दुसऱ्या बाजूनं फुगते, मेंदूची वाढ थांबत नाही. मात्र दोन गोष्टी एकाच बाळात सोबत दिसतात, हे खरं आहे. अमेरिकेत सिअॅटलच्या संशोधकांनी अशी मुलं शाळेच्या वयापर्यंत पाहिली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. बाळपणी चपटेपणा सौम्य होता ती मुलं इतरांसारखीच होती. ज्यांचा मध्यम किंवा तीव्र होता, त्यांचे बुद्धीच्या आणि अभ्यासाच्या चाचण्यांतले गुण सरासरीनं थोडे कमी आले. मी याचा अर्थ असा घेते: ज्या बाळाचे स्नायू सैल आहेत किंवा ज्याची हालचाल कमी आहे, ते एकाच कुशीवर पडून राहतं आणि म्हणून त्याचं डोकं चपटं होतं. हालचाल कमी हे आधीचं, चपटेपणा नंतरचा. अशा बाळाच्या डोक्याला हेल्मेट घालून आकार सुधारला तरी हालचालीचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. डोकं सगळ्यांना दिसतं, पाहुणे बोलून दाखवतात, म्हणून घरातला सगळा पैसा आणि धीर तिकडे जातो आणि थेरपीला महिना-दोन महिने उशीर होतो. मला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो.

मानेचं बघू. तुमच्या वर्णनावरून डाव्या बाजूचा मानेचा स्नायू आखडलेला असावा. त्यात डोकं डावीकडे कलतं आणि हनुवटी उजवीकडे वळते. याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. फोटो काढून बघा, बहुतेक फोटोंत डावा कान खांद्याजवळ दिसेल. ही मान सुटेपर्यंत हेल्मेट कितीही चांगलं असलं तरी अर्धंच काम करतं, कारण ते काढल्यावर बाळ पुन्हा त्याच जागेवर डोकं टेकवतं. ताण देण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिका, व्हिडिओ बघून मान वळवू नका. तपासणीत खुब्याचे सांधेही बघायला सांगा, आखडलेल्या मानेसोबत कधी कधी तेही सैल असतात.

दिवसभराच्या सवयी मात्र आजपासून बदलता येतात आणि मान सुटते ती बरीचशी त्यांनीच. बाळ ज्या गोष्टीकडे बघायला धडपडतं ती डाव्या बाजूला आणा. पलंगावर डोकं-पाय अशी बाजू बदला, म्हणजे दार, खिडकी आणि तुमची ये-जा त्याच्या डावीकडे होईल. बाटलीनं किंवा वाटी-चमच्यानं पाजत असाल तर बाळाचं डोकं तुमच्या उजव्या हातावर घ्या, म्हणजे तुमच्याकडे बघायला त्याला मान डावीकडे वळवावी लागेल. लंगोट बदलताना डावीकडून बोला. झोळीत बाळ शांत झोपतं हे मला कळतं, पण झोळीत ते वाकून एकाच बाजूला पडून राहतं, हातपाय झाडायलाही जागा नसते. तिचा वापर अगदी कमी करा. जागं असताना पालथं घालणं सर्वांत महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून निदान अर्धा तास सांगते. एका दमात नको. प्रत्येक लंगोट बदलल्यावर दोन-तीन मिनिटं, सतरंजीवर, छातीखाली टॉवेलची गुंडाळी आणि दोन्ही हात पुढे काढलेले, डावा हात विशेष करून. रडला तर तुमच्या छातीवर पालथा घ्या, तेही धरलं जातं.

'माझ्या हातून झालं का' याचं उत्तर: नाही. उताणं झोपवणं बरोबरच होतं आणि रात्रीही, दुपारीही झोपवताना उताणंच ठेवा. अमेरिकेत १९९० च्या दशकात बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम झाली, त्यानंतर पाळण्यातले अचानक मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच काळात चपटी डोकी वाढली, हेही खरं, पण जीव वाचण्यापुढे ते काहीच नाही. शिवाय वेळेआधी जन्मलेल्यांची कवटी जास्त मऊ असते आणि एनआयसीयूत ती बाळं नळ्या-तारांमुळे बराच वेळ एकाच बाजूला असतात. तुम्ही घरी आणलं तेव्हा ही सुरुवात झालेली असणार.

हेल्मेटचा विचार करण्याआधी एक गोष्ट निश्चित झाली पाहिजे: कवटीचे सांधे उघडे आहेत ना. साधारण दोन-अडीच हजारांत एका बाळाचा एखादा सांधा वेळेआधी जुळतो. त्याचा मार्ग वेगळा, बहुतेकदा शस्त्रक्रियेचा. पडून चपटं झालेलं डोकं वरून पाहिलं तर तिरक्या चौकोनासारखं दिसतं, चपट्या बाजूचा कान पुढे सरकतो, त्याच बाजूचं कपाळही थोडं पुढे येतं. सांधा जुळलेला असेल तर असं दिसत नाही, त्या बाजूचा कान उलट मागे-खाली जातो, सांध्यावर बोटाला कड लागते, जन्मापासूनच आकार वेगळा असतो. अनुभवी डॉक्टर हे बघून आणि हात फिरवून सांगतात, शंका असेल तरच सीटी. हेल्मेट विकणाऱ्या सेंटरच्या स्कॅननं फक्त बाहेरचा आकार मोजला जातो, सांध्यांबद्दल त्यात काही कळत नाही.

हेल्मेट डोकं दाबत नाही. फुगलेल्या जागी ते टेकून राहतं आणि चपट्या जागी पोकळी सोडतं, म्हणजे वाढ पोकळीकडे वळते. त्यामुळे काम करते ती बाळाची स्वतःची वाढ. पहिल्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो, पुढच्या तीनांत एक, आणि सहा ते बारा महिन्यांत जेमतेम अर्धा. म्हणून चार ते सहा महिन्यांत सुरू केलं तर परिणाम चांगला, वर्षानंतर फारसा हाती लागत नाही. तुम्हाला सांगितलेली 'वेळ निघून जाईल' ही भीती निराधार नाही, पण 'लगेच' म्हणजे उद्या नव्हे.

परिणामाचा पुरावा तुमच्यासमोर ठेवते. नेदरलँडमध्ये ८४ बाळांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच-सहा महिन्यांची, मध्यम ते तीव्र चपटेपणाची बाळं. निम्म्यांना हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांच्या वयात पूर्ण सुधारलेली मुलं हेल्मेटच्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. हेल्मेटवाल्या सगळ्या घरांनी काही ना काही त्रास सांगितला: कातडी लाल होणं, घाम, वास, आणि बाळाला कुशीत घेताना मध्ये ते येणं. 'थांबा' म्हणणारे डॉक्टर बहुधा याच अभ्यासाच्या आधारे बोलतात. पण त्यात फार तीव्र चपटेपणाची बाळं नव्हती, वेळेच्या बऱ्याच आधी जन्मलेली नव्हती आणि मान आखडलेलीही नव्हती. तुमचं बाळ यातल्या शेवटच्या दोन्हींत बसतं, म्हणून तो निकाल जसाच्या तसा तुम्हाला लावता येत नाही. अमेरिकेतल्या मेंदू शल्यचिकित्सकांच्या २०१६ च्या मार्गदर्शनात मधला रस्ता आहे: आधी फिजिओथेरपी आणि बाजू बदलणं, आणि तरी मध्यम-तीव्र चपटेपणा टिकून राहिला तर हेल्मेट. माझंही मत तेच.

तेव्हा सेंटरकडून मोजमापाचा कागद मागून घ्या. डोक्याच्या दोन तिरक्या मापांतला फरक टक्क्यांत दिलेला असतो. साडेतीन टक्क्यांपर्यंत सगळ्यांचंच असतं. सव्वासहाच्या आत सौम्य, पावणेनऊपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र, अकराच्या पुढे अतितीव्र. सौम्य असेल तर हेल्मेटचा विचार सोडा. मध्यम किंवा तीव्र असेल तर मानेचे व्यायाम आणि बाजू बदलणं मनापासून चार आठवडे करा आणि त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजा. कमी होत असेल तर तसंच चालू ठेवा. अकराच्या पुढे असेल, किंवा चार आठवड्यांत आकडा हललाच नाही, तर मी हेल्मेट घ्या म्हणेन. तोवर हाताची तपासणीही झालेली असेल. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर थेरपीला द्या, हे मी कुठल्याही घराला सांगते.

हेल्मेट घ्यायचं ठरलं तर काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. दिवसाचे २३ तास घालायचं असतं, आंघोळीपुरतं काढायचं, असं साधारण तीन-चार महिने. सुरुवातीला एक-दोन तासांपासून वाढवत न्यायचं. पहिला आठवडा-दोन आठवडे घामानं डोकं ओलं होईल, मग बहुतेक बाळं रुळतात. मुंबई-कोकणच्या दमटपणात किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र हे सोपं नसतं. पंखा हवा, कपडा एकच पातळ हवा, घाम आला की काढून पुसून, कोरडं करून लगेच घाला. तेल नको, पावडर नको. आतला भाग रोज पुसून कोरडा करा. काढल्यावर लाल खूण दिसली तर घड्याळ लावा: तासाभरात गेली तर ठीक, राहिली तर ऑर्थोटिस्टकडून (हेल्मेट बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून) तिथलं फोम घासून घ्या, वाट बघू नका. लसीनंतर किंवा कशानंही ताप आला तर हेल्मेट काढून ठेवा. पहिले काही दिवस डोकं जड लागतं, म्हणून मान सैल असलेलं बाळ पालथं पडायला कुरकुर करेल. तरी पालथं घालणं बंद करायचं नाही, वेळ कमी करून वेळा वाढवायच्या. रस्त्यात लोक विचारतील, 'काय झालं हो डोक्याला?' 'आकारासाठी आहे, चार महिन्यांत निघेल' एवढंच सांगून पुढे व्हा.

सासूबाईंच्या बाजूनंही बोलायला हवं. सौम्य चपटेपणा केसांत खरंच दिसत नाही, आणि बाळ बसायला-रांगायला लागलं की डोक्यावरचा भार जातो, आकार आपोआप बराच सुधारतो. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण त्यांनी मोहरीची उशी सुचवली असेल तर ती ठेवू नका. डोक्याला आकार देणाऱ्या उशा श्वास कोंडण्याच्या धोक्यामुळे वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये दिला आहे. झोपलेल्या बाळाजवळ कुठलीच उशी नको, मग आत कापूस असो की मोहरी. मालीशवाल्या बाईंना अंग चोळू द्या, पण डोकं हातानं दाबून गोल करणं आणि मान खेचणं बंद. आणि बसत नाही म्हणून वॉकर आणू नका. बसायला त्याची मदत होत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

आणखी काही तपासण्या राहिल्या असतील तर याच फेरीत उरकून घ्या. एनआयसीयूतल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली का, कागद आहे का ते बघा. डावीकडून आवाज केल्यावर तो वळत नसेल, तर त्याचं कारण मान आहे की कान, हे मोजल्याशिवाय कळत नाही. थायरॉइडचा रिपोर्ट शोधा. तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल तर तुमचं आणि त्याचं बी-१२ बघा. त्याच्या कमतरतेनं आपल्याकडची बाळं मंदावतात, सुस्त होतात, आलेल्या गोष्टी विसरतात, आणि वेळेवर दिलं तर सुधारतात.

खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. फिजिओथेरपी, कान-डोळ्यांची तपासणी, विकासाचं मूल्यमापन तिथे मोफत होतं. अंगणवाडीच्या ताई किंवा आशाताई चिठ्ठी करून देतात.

एका गोष्टीसाठी मात्र कुठल्याही तारखेची वाट पाहायची नाही. झोपेतून उठताना बाळ एकदम दचकल्यासारखं वाकतं, हात पसरतात, काही सेकंदांनी पुन्हा, असं ओळीनं होतं, आणि सोबत ते हसेनासं झालं असेल, तर ती एक प्रकारची आकडी असू शकते. घरी तिला पोटदुखी समजतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तपासणीला जाताना दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ सोबत न्या: उताणा पडून खेळताना, पालथा असताना, आणि डोकं मध्ये धरून डावीकडून खेळणं दाखवताना. दवाखान्यात बाळ रडतं, झोपतं, काही करून दाखवत नाही. घरच्या सतरंजीवरचं बघून डॉक्टरांना जास्त कळेल.